दराची फाइल कुणाकुणाला जोडली आहे, हे कसे शोधावे

डिचोलीजवळच्या एका काजू कारखान्यात मी 12 वर्षे हिशेब सांभाळते. बियांची खरेदी, सोलणी, प्रतवारी, साठा, मजुरी, चवथीचा बोनस, प्रत्येकाची एक्सेल फाइल वेगळी आणि सगळ्या एकमेकींत अडकलेल्या. सगळ्यांच्या मुळाशी दरांची फाइल.

एका एप्रिलमध्ये नवे आर्थिक वर्ष लागले म्हणून कुणीतरी दरांची जुनी फाइल उघडून 'सेव्ह ॲज' केली आणि नव्या वर्षाच्या नावाने ठेवली. उत्पादन खर्चाची फाइल तेव्हा बंद होती. ती जुन्या फाइलीतूनच दर घेत राहिली. जुनी फाइल जागेवर होतीच, त्यामुळे एक्सेलने कसलीच तक्रार केली नाही. जूनमध्ये साठा मोजताना डब्ल्यू 320 चा, म्हणजे एका पौंडात 300 ते 320 गर बसतात त्या प्रतीचा, बियांचा खर्च गेल्या वर्षीइतकाच दिसला, अगदी पैशापर्यंत. बियांचा भाव दरवर्षी हलतो, हा आकडा हलला कसा नाही? एफ14 या घरावर टिचकी मारली. वरच्या सूत्रपट्टीत चौकोनी कंसात गेल्या वर्षाच्या फाइलीचे नाव! त्या आकड्यांवर दोन महिने दरपत्रके गेली होती.

तेव्हा एक गोष्ट पक्की कळली. जोडणी घेणाऱ्या फाइलीत लिहिलेली असते. देणाऱ्या फाइलीला तिचा पत्ताच नसतो. दरांची फाइल उघडून कितीही बघा, तिच्यावर कोण अवलंबून आहे ते दिसणार नाही. शोध नेहमी घेणाऱ्याच्या बाजूने करायचा.

फाइल उघडा, 'डेटा' टॅबवर 'एडिट लिंक्स' दाबा. नव्या आवृत्तीत त्यालाच 'वर्कबुक लिंक्स' म्हणतात. कुठल्या फाइलींतून आकडे येतात त्याची यादी मिळते. पण 'एडिट लिंक्स'मध्ये कुठल्या घरात येतात ते कळत नाही. त्यासाठी कंट्रोल-एफ, 'ऑप्शन्स', शोध पूर्ण वर्कबुकमध्ये आणि फॉर्म्युलांत, आणि शोधायला टिंब व 'एक्सएल' ही रोमन अक्षरे. 'फाइंड ऑल' म्हटले की घरांची यादी खाली उलगडते. मूळ फाइल बंद असेल तर सूत्रात फोल्डरचा पूर्ण मार्गही दिसतो, म्हणून मी हे काम मूळ फाइल बंद ठेवूनच करते.

यादीत नाव आहे आणि घर मात्र सापडत नाही, असे हमखास होते. मग कंट्रोल-एफ3 दाबून 'नेम मॅनेजर', म्हणजे घरांना दिलेल्या नावांची यादी, बघा. आमच्या मजुरीच्या फाइलीत तिथेच एक जुने नाव लपले होते. ड्रॉपडाउनची यादी, कंडिशनल फॉरमॅटिंग आणि आलेख हेही तपासा. 'इनडायरेक्ट' हे मजकुरात लिहिलेल्या पत्त्यावरून आकडा आणणारे फंक्शन तर लिंकांच्या यादीत येतच नाही. ते नावानेच शोधावे लागते.

तरीही धागा लागला नाही तर फाइलीची प्रत काढा, मूळ फाइलीला हात लावू नका. प्रतीच्या नावाचा शेवट एक्सएलएसएक्सऐवजी झिप करा आणि उघडा. आत 'एक्सएल' फोल्डरमध्ये 'एक्सटर्नललिंक्स' नावाचे फोल्डर असते. त्यातल्या 'रेल्स' फाइली नोटपॅडमध्ये उघडल्या की प्रत्येक जोडणीचा मार्ग सरळ वाचता येतो.

आता उलटा प्रश्न: दरांच्या फाइलीवर कोण कोण टेकले आहे? इथे आडवाट नाही, फोल्डरमधली प्रत्येक फाइल उघडून यादी बघायची. मॅक्रो, म्हणजे एक्सेलमधले छोटे प्रोग्राम, लिहिता येत असतील तर प्रत्येक फाइल उघडून 'लिंकसोर्सेस' या पद्धतीने तिच्या जोडण्यांची यादी काढण्याचे काम मॅक्रोवर सोपवता येते. मला तेव्हा येत नव्हते. मी दोन दुपारी बसून काजूच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर बाण काढले आणि मग एक्सेलमध्येच नोंदवही केली: घेणारी फाइल, देणारी फाइल, घर, कोण सांभाळते. दुसऱ्या रकान्यावर क्रम लावला (सॉर्ट) की दरांवर टेकलेल्या सगळ्या फाइली ओळीने येतात.

दुरुस्ती करताना 'चेंज सोर्स' वापरा. 'ब्रेक लिंक' दाबलात तर सूत्रे जाऊन नुसते आकडे उरतात आणि ते मागे घेता येत नाही. सीएंना पाठवायच्या प्रतीवर मात्र मी तेच दाबते. आणि फाइल उघडताना अपडेट करायचे का असे विचारले, की सवयीने 'नको' म्हणू नका. 'नको' म्हटले की शेवटचे साठवलेले आकडेच दिसत राहतात.

आमच्याकडे आता चालू दरांच्या फाइलीचे नाव कधीच बदलत नाही, ते नुसते 'दर' आहे. 31 मार्चला संध्याकाळी एक्सेल बंद करून तिची प्रत वर्षाच्या नावाने जुन्या फोल्डरात जाते. उत्पादन खर्चाचीही प्रत जाते, लिंका तोडून. मग 'दर'मध्ये नवे भाव भरायला घेते.