जुनी फोर-बाय-फोर विकायला काढताना : धुणं, घासणं आणि काय झाकू नये

मी औसा तालुक्यात बोअरच्या मोटारी काढायचं आणि बसवायचं काम करतो. माझी बोलेरो कॅम्पर, फोर-व्हील ड्राइव्हवाली, बारा वर्षं तिवई, चेनपुली आणि पाइपांचे वेटोळे घेऊन रानात हिंडली. जिथं बैलगाडी थांबते तिथून पुढं आमचं काम सुरू होतं. मागच्या दिवाळीनंतर ती विकली. त्याआधीची जीप विकताना मात्र मी चांगलाच तोंडावर आपटलो होतो.

झालं असं, की एकानं सांगितलं, खालून चेसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, काळा रंग मारून घे, नव्यासारखी दिसंल. मारला. गिऱ्हाईक निलंग्याहून आलं, सोबत त्यांचे मिस्त्री. मिस्त्री गाडीखाली शिरले, पेचकसानं दोन ठिकाणी टकटक केली आणि खालूनच म्हणाले, "मालक, हितं काय झाकूलालाव?" झाकलेलं काहीच नव्हतं. पण ओल्या दिसणाऱ्या रंगावर विश्वास कोण ठेवणार? वीस हजार तिथंच तुटले. म्हणून यावेळी गाडी धुतली ती मिस्त्रींना प्रत्येक बोल्ट दिसावा म्हणून.

सुरुवात हौद्यापासून, म्हणजे मागच्या सामानाच्या जागेपासून करा, बोनेटपासून नाही. सगळं सामान काढा, खालचं मॅट काढा, फाळका (हौद्याचं मागचं झाकण) पाडा. ज्यांच्या गाडीत खताची पोती वाहिली जातात त्यांनी इथं जास्त वेळ द्यावा. पोटॅश म्हणजे एका जातीचं मीठच. फुटक्या पोत्यातून सांडलेलं खत कोपऱ्यात बसतं, ओल धरतं आणि पत्रा खालून खात राहतं. आधी कोरडंच झाडून काढा, मग भरपूर पाणी. पाणी गेल्यावर जो गंज दिसेल त्याला तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, मग रेड ऑक्साइड आणि त्यावर रंग. गंजावर थेट रंग मारला तर दोन महिन्यांत फुगे येतात. (आमच्याकडं तांबेरा म्हटलं की सोयाबीन आठवतं. लोखंडाचा तांबेराही तसाच, पान उलटून बघितल्याशिवाय कळत नाही.) ओरखडे सगळे घालवायच्या भानगडीत पडू नका. कामाच्या गाडीचा हौदा कोराकरकरीत असेल तर लोक उलट जास्त प्रश्न विचारतात.

आता खरी मेहनत, चेसी. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की दगड होते. मडगार्डच्या आतल्या कडेला, स्प्रिंगच्या पाट्यांच्या मध्ये आणि डिझेल टाकीच्या वर ती वर्षानुवर्षं बसलेली असते. हातोडीनं ठोकून काढू नका, पत्रा चेपतो. संध्याकाळी ओली गोणपाटं त्या जागी कोंबून ठेवा. सकाळी माती लोण्यासारखी निघते. बांबूची चपटी कामटी करून खरवडा. लोखंडी खुरपं रंग घेऊन येतं.

चेसीच्या पोकळीतली माती कुणी काढत नाही, आणि गाडी सडते ती तिथूनच. पाणी निघून जायला खालच्या बाजूला भोकं असतात, ती चिखलानं बुजतात. आधी तारेनं मोकळी करा. मग मी ठिबकच्या १६ मिलिमीटरच्या लॅटरलचा आठ-दहा फुटांचा तुकडा घेतला, एका टोकाला पाणी जोडलं आणि दुसरं टोक चेसीच्या भोकातून आत सरकवत नेलं. गाडी बांधाच्या उतारावर, तोंड वर करून लावली होती. पहिली दहा मिनिटं नुसता काळा काला आला. त्यात बाभळीचे काटे, वायरचा एक तुकडा आणि दोन वर्षांपूर्वी हरवलेला माझा बारा-तेराचा पाना. पाणी नितळ येईपर्यंत सोडत राहिलो. नंतर दोन दिवस गाडी उन्हात ठेवली.

फवारणीचा एचटीपी पंप बऱ्याच घरी असतो, धुवायला उत्तम. पण आधी टाकी आणि पाइप नीट धुऊन घ्या, आत औषधाचा अंश राहिलेला असतो. आणि जेट एक्सलच्या ऑइल सीलवर, ब्रीदरच्या (हवा जायच्या) नळीवर किंवा दाराच्या रबरावर जवळून धरू नका. पाणी आत शिरलं की एक्सलचं ऑइल दुधाळ होतं, आणि मिस्त्री पहिलं तेच तपासतात. धुऊन झालं की प्रोपेलर शाफ्टच्या (चाकांकडं ताकद नेणाऱ्या लांब दांड्याच्या) क्रॉसला, म्हणजे सांध्याला, ग्रीस द्या, जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. चेसीवर डिझेल किंवा जळकं ऑइल फवारायची पद्धत अजून आहे. ती करू नका. रबरी बुश फुगतात, धूळ चिकटते आणि गळती आहे की फवारणी तेच कळत नाही.

इंजिन थंड असताना हात घाला. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधा. साबणाचं पाणी आणि जुना ब्रश पुरतो, पाणी बेतानं. रेडिएटरच्या जाळीत कुसळं, कापसाचे तंतू आणि सोयाबीनचा भुसा असतो. तो इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या बाजूला, हलक्या धारेनं काढा. जोरात मारलं तर पातळ पात्या झोपतात आणि गाडी तापायला लागते. बॅटरीच्या टर्मिनलवरची हिरवट भुकटी कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जाते, तार काढताना निगेटिव्ह आधी. हे सगळं गिऱ्हाईक यायच्या चार-पाच दिवस आधी करा. मग गाडी औसा-लातूर फिरवून आणा आणि खाली बघा. धुतलेल्या इंजिनवर गळती कुठून आहे ते तुम्हालाच आधी कळतं. माझी टॅपेट कव्हरची गॅस्केट निघाली, किरकोळ खर्चात काम झालं. मागचं सील मात्र पाझरत होतं. ते मी बदललं नाही, फक्त सांगितलं.

बाहेरून धुवायला पाणी किती लागतं? दोन बादल्या. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हापासून नळी सोडून गाडी धुवायला माझा हात धजत नाही. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायचं साधं पाणी. वरून खाली या, खालच्या पट्ट्याला वेगळं फडकं. कपड्याची पावडर वापरू नका, आधीचं पॉलिश निघून जातं. सावलीत धुवा आणि लगेच पुसा. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, थेंब वाळला की पांढरा डाग राहतो. शेवटचा हात मी जारच्या पाण्याचा फिरवला. बायको म्हणाली, आम्हाला प्यायला जार मागवताना हिशेब करता आणि गाडीला अंघोळ!

डांबराचे ठिपके रॉकेल नाहीतर डिझेल लावलेल्या फडक्यानं पुसा, मग ती जागा साबणानं धुवा. बाभळीच्या ओरखड्यांवर नख फिरवून बघा. नख अडकलं तर तो रंगाच्या खाली गेलाय, घासून जाणार नाही, सोडून द्या. नख अडकत नसेल तर रबिंग कंपाउंड घ्या, एका वेळी परातीएवढी जागा, हलक्या हातानं. कडांवर आणि घड्यांवर घासू नका, तिथं रंग पातळ असतो. वर मेणाचं पॉलिश अगदी पातळ लावायचं, धुकट झालं की मऊ फडक्यानं पुसायचं. जाड लावलं तर नुसतं फासलं जातं.

स्टिकरची गोष्ट वेगळी. मागच्या काचेवर आणि फाळक्यावर "सिद्धेश्वर प्रसन्न" होतं. उन्हात तापवून कोपऱ्यातून हळूहळू ओढलं, गोंद रॉकेलनं गेला. पण बारा वर्षांचं ऊन बाकीच्या रंगावर पडलेलं, अक्षरांखालचा रंग तसाच ताजा. त्यामुळं फाळक्यावर सिद्धेश्वर अजून वाचता येत होता, फक्त आता उजळ पांढऱ्यात. रबिंग करून थोडा फिका झाला. बाकीचा राहू दिला.

केबिनमध्ये मॅट आणि त्याखालचा नमदा दोन्ही बाहेर काढा. नमदा ओला असेल तर खाली पत्रा खायला सुरुवात झालेली असते. औषधाची बाटली कधी सांडली असेल तर हातमोजे घालून साबणानं धुवा आणि दारं उघडी ठेवून वाळवा. वास मारायला अगरबत्त्या लावल्या तर माणूस लगेच ओळखतो. सीटमधली कुसळं चिकटपट्टीनं निघतात. डॅशबोर्डला चकचकीत तेल नको, ओल्या फडक्यानं पुसलेला पुरे.

फोर-व्हीलचा दांडा महिनोनमहिने वापरला नसेल तर अडकतो. नांगरलेल्या रानात नेऊन फोर-हाय आणि फोर-लो (चारही चाकांचे वेगाचे आणि जोराचे गिअर) दोन्ही टाकून थोडं चालवा. कोरड्या डांबरी रस्त्यावर हे करू नका, पुढची-मागची चाकं वळताना सारखी फिरत नाहीत आणि ताण सगळा गिअरवर येतो.

कागद एका फायलीत लावा : आरसी, विमा, पीयूसी. पिवळ्या पाटीची गाडी असेल तर फिटनेस, आठ वर्षांनंतर तो दरवर्षी लागतो. कर्ज फिटलं असेल तर बँकेचा बोजा आरसीवरून उतरवून घ्या. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून झाल्या म्हणजे गाडी गेली असं समजू नका, आरसीवर नाव बदललेलं डोळ्यांनी बघा. फास्टॅग बंद करायला विसरू नका, नाहीतर टोल तुमच्याच खात्यातून कटतो.

आणि गिऱ्हाईक येणार त्या सकाळी गाडीला चावी लावू नका, गार इंजिन कसं सुरू होतं ते त्याला बघायचं असतं. माझ्याकडं आलेल्या माणसानं नमस्कार करायच्या आधी बोनेटवर तळहात ठेवला. बोनेट गार लागलं, तसं त्यानं मिस्त्रींकडं बघून मान हलवली आणि म्हणाला, "लावा आता सेल्फ."