चिकू आमचाच आहे, हे सांगणाऱ्या खुणा

तीन वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजनाच्या रात्री सुतळी बॉम्बला घाबरून आमचा कुत्रा चिकू गेटखालून पळाला. आठव्या दिवशी सापडला तो दोन पेठा पलीकडच्या एका घरात. त्या लोकांनी त्याला जीव लावला होता, नवं नावही ठेवलं होतं. "तुमचाच कशावरून?" त्यांनी विचारलं. माझ्याकडच्या लसीच्या पुस्तकात फक्त 'गावठी, नर, तपकिरी' एवढंच. असे कुत्रे पुण्यात गल्लोगल्ली आहेत. शेवटी जिभेवरचा करंगळीच्या पेराएवढा काळा डाग जुन्या फोटोत दाखवला, तेव्हा कुठे चिकू परत मिळाला. त्यानंतर मी काय काय केलं, ते सांगते.

आधी पट्टा. गळा आणि पट्टा यांच्यात दोन बोटं सहज जावीत, पण डोक्यावरून निघू नये. पितळी बिल्ला किल्ल्या बनवणाऱ्याकडे कोरून घ्या. त्यावर दोन फोन नंबर टाका, एक आपला आणि एक शेजाऱ्यांचा किंवा नातेवाइकांचा. शोधायला बाहेर पडलं की आपलाच फोन नेमका बंद पडतो. बिल्ला अडकवायला किल्ल्यांची दुहेरी वेटोळ्याची रिंग घ्या. साधी वाकडी कडी ताणली की उघडते. पट्ट्याच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईच्या पेनाने तोच नंबर लिहा, म्हणजे बिल्ला पडला तरी नंबर राहतो.

पण पट्टा कुणीही काढू शकतं, म्हणून मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी असते, डॉक्टर ती दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली टोचतात. सुई लसीच्या सुईपेक्षा जाड असते. चिकू एकदाच कुईं करून माझ्या कोपरात तोंड खुपसून बसला. या चिपला बॅटरी नसते आणि कुत्रा कुठे आहे हेही ती सांगत नाही. स्कॅनर जवळ नेला की १५ आकडी नंबर दिसतो, बस. तो नंबर तुमच्या नावावर, चालू फोन नंबरासह नोंदवला नसेल तर चिपचा उपयोग शून्य. टोचून झालं की नोंदणी कुठे आणि कुणी करायची, हे डॉक्टरांना तिथेच विचारा. चिपसोबतचं बारकोडचं स्टिकर लसीच्या पुस्तकात चिकटवा. फोन नंबर बदललात तर नोंदणीतही बदला.

परदेशी जाणाऱ्यांनी क्रम चुकवू नये. युरोपीय संघात कुत्रा न्यायचा तर आधी चिप, मगच रेबीजची लस. चिपच्या आधी दिलेली लस तिथे धरत नाहीत.

आता कानाबद्दल. "बैलाला देतात तसा डाग द्या, नाहीतर कानाला खाच पाडा," असं मला एकाने सुचवलं होतं. कृपा करून हे करू नका. मुक्या जिवाला यातना देणं हा १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे. शिवाय कानाची खाच ही नसबंदी करून सोडलेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याची ओळख आहे. घरच्या कुत्र्याला तशी खाच दिसली तर बघणारा त्याला मोकाट समजणार आणि मालक शोधायच्या फंदात पडणार नाही.

महापालिकेचा परवानाही काढा. पुणे, मुंबई दोन्हीकडे मिळतो, रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र हाताशी ठेवा. परवाना तुमच्या नावावर असतो, वाद झाला तर पोलिसांपुढे ठेवायला कागद असतो. त्याच्या जोडीला फोटो काढा: दोन्ही कुशींचे, समोरून, शेपटीचा, जीभ बाहेर असताना, आणि एक तुमच्यासोबतचा. पिल्लू असेल तर दर दोन महिन्यांनी नवे काढा, रंग आणि कान झपाट्याने बदलतात.

दर वर्षी लसीच्या वेळी मी डॉक्टरांना चिप स्कॅन करायला सांगते, कारण ती कधीकधी कातडीखाली सरकते. यंदा चिकूची चिप डाव्या खांद्याकडे उतरलेली निघाली. डॉक्टरांनी स्कॅनर दोनदा फिरवला, मग बीप वाजली. पुस्तकातल्या स्टिकरवर बोट ठेवून मी पंधराही आकडे ताडून पाहिले.