लिनक्स कर्नल आणि गिटची सेटिंग्ज: या चुका टाळा

लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) वापरून तो नुकताच क्लोन केलाय, म्हणजे त्याची प्रत उतरवलीय, एका ओळीलाही हात लावलेला नाही, तरी ‘गिट स्टेटस’ काही फायली बदलल्याचं सांगतं. मॅक आणि विंडोजवर हे हमखास होतं. नवीन मंडळी क्लोन पुसून पुन्हा उतरवतात, पुन्हा तेच दिसतं, आणि कित्येक जण तिथेच नाद सोडतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण चूक त्यांची नसते.

कारण असं: नेटफिल्टरच्या (कर्नलमधला नेटवर्कची पॅकेटं गाळणारा भाग) हेडर फायलींमध्ये ‘एक्सटी_कॉनमार्क.एच’ नावाच्या दोन फायली आहेत. एकीत ‘कॉनमार्क’ कॅपिटल अक्षरांत, दुसरीत स्मॉल. अशा आणखीही जोड्या आहेत. मॅक-विंडोजला हा फरक कळत नाही, त्यामुळे एक फाइल दुसरीवर लिहिली जाते. मॅकवर डिस्क युटिलिटीतून केस-सेन्सिटिव्ह (कॅपिटल-स्मॉल वेगळं मानणारा) व्हॉल्यूम करा. विंडोजवर डब्ल्यूएसएलच्या (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) होम फोल्डरमध्ये क्लोन करा, सी ड्राइव्हवर नको.

दुसरी चूक डेटा वाचवण्यातून होते. क्लोन करताना ‘--डेप्थ १’ लावलं की फक्त शेवटचा कमिट (नोंदवलेला बदल) येतो, एप्रिल २००५पासूनचा इतिहास येतच नाही आणि ‘गिट ब्लेम’ (कुठली ओळ कुठल्या कमिटने आली हे सांगणारा आदेश) प्रत्येक ओळ एकाच कमिटच्या नावावर टाकतं. बग कुठल्या कमिटने आणला हे शोधणार कसं? त्याऐवजी ‘--फिल्टर=ब्लॉब:नन’ वापरा; सगळे कमिट येतात, फायलींचा जुना मजकूर लागेल तसा उतरतो. आधीच ‘--डेप्थ’ लावून केलेला अर्धवट क्लोन असेल तर ‘गिट फेच --अनशॅलो’ चालवा.

बग आणणारा कमिट सापडला की पॅचमध्ये (मेलने पाठवायच्या तुमच्या दुरुस्तीत) ‘फिक्सेस’ची ओळ लिहायची असते. तिथे त्या कमिटच्या हॅशची (त्याच्या ओळख-क्रमांकाची) किमान पहिली १२ अक्षरं लागतात, म्हणून ‘कोअर.अ‍ॅब्रेव्ह’ १२ करून ठेवा. ओळ कितीही लांब झाली तरी मध्ये तोडू नका.

ऑफिसच्या लॅपटॉपवर ‘यूजर.ईमेल’ ग्लोबल असतो आणि ‘गिट कमिट -एस’ने तोच पत्ता साइन्ड-ऑफमध्ये (पॅचमधली तुमच्या सहीची ओळ) जातो. कर्नलच्या फोल्डरमध्ये शिरून, ‘--ग्लोबल’ न लावता, स्वतःचा पत्ता द्या.

पॅच जीमेलच्या वेबपानात चिकटवू नका. टॅबच्या स्पेस होतात, लांब ओळी तुटतात आणि पॅच लागतच नाही. ‘गिट सेंड-ईमेल’ बसवा. पहिला पॅच स्वतःलाच पाठवा, आलेली मेल सेव्ह करून नव्या ब्रँचवर ‘गिट एएम’ने लावून बघा. बिनतक्रार लागला, की ‘गेट_मेंटेनर.पीएल’ (कोडचा तो भाग कोण सांभाळतं हे सांगणारी कर्नलमधली स्क्रिप्ट) जी नावं देईल त्यांना पाठवा.