छोट्या चार्टर कंपनीत नवा को-पायलट
उड्डाणाचे तास कमी आहेत म्हणून बिचकू नका. इथे को-पायलट सामानही चढवतो. प्रवासी बॅगेचं वजन हमखास कमी सांगतात, म्हणून मी हातकाटा जवळच ठेवतो. कॅप्टनने वजन-समतोलाचा हिशोब केलेला असला, तरी स्वतः पुन्हा मांडा. ॲवगॅस, म्हणजे पिस्टन विमानाचं पेट्रोल, लिटरला साधारण ०.७२ किलो धरा.

इंधन भरताना विमानापासून हलू नका. १०० एलएल, म्हणजे नेहमीचं ॲवगॅस, निळसर दिसतं. पिस्टन इंजिनाला चुकून जेट इंधन गेलं, तर टेकऑफनंतर थोड्याच वेळात इंजिन बंद पडू शकतं. इंधन भरून झालं की टाकीतला नमुना काढून त्यात पाणी आहे का ते तपासा.

मालक ‘हवा ठीक आहे’ म्हणतोच. मेटार-टाफ, म्हणजे विमानतळावरच्या हवेचा ताजा अहवाल आणि अंदाज, तुम्ही वाचा.

लॉगबुक त्याच दिवशी भरा. को-पायलटचे तास पीआयसीच्या (पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाचा प्रमुख वैमानिक) रकान्यात घालू नका, मुलाखतीत पकडले जाल.