अडथळ्यावरून झेपावणारा घोडा टिपताना

शो जंपिंगच्या, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धेच्या, मैदानावर कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वी पहिले दोन-तीन स्वार नुसते पाहावेत, कारण घोडे प्रत्येक अडथळ्याकडे कोणत्या बाजूने येतात आणि त्यांच्या मागे गाड्या किंवा जाहिरातींचे फलक दिसतात का, हे तेव्हाच कळते. घोडा जिकडे उतरणार त्या बाजूला, साधारण ४५ अंशांच्या कोनात, कठड्याबाहेर बसावे. तेथून स्वाराची नजर, घोड्याचे पुढे रोखलेले कान आणि दुमडलेले पुढचे पाय एकाच चौकटीत येतात. शटरचा वेग किमान १/१००० सेकंद ठेवावा आणि आभाळ भरून आल्यास आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवावा. चित्र थोडे दाणेदार झाले तरी चालते, हललेले चालत नाही. फ्लॅश कधीही वापरू नये, कारण घोडा बुजला तर स्वाराच्या जिवावर बेतू शकते.

खरी कसोटी क्षण साधण्याची आहे. टापांची लय कानांनी धरावी: उडीपूर्वी मागचे दोन्ही पाय वाळूत रुततात, पुढचा भाग वर उचलला जातो, आणि त्याच वेळी बटण दाबल्यास कमानीसारखी वळलेली पाठ अडथळ्याच्या नेमकी वर सापडते. केवळ सलग चित्रणावर (बटण दाबून ठेवून एकापाठोपाठ एक छायाचित्रे घेण्यावर) विसंबल्यास हाच क्षण दोन चित्रांच्या मध्ये निसटतो, असा माझा अनुभव आहे.