घरी बसून डॉक्टरांना दाखवायचंय? कॉलआधी एवढं करा

बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असलेल्या आई-वडिलांना दर खेपेला तालुक्याला न्यायची गरज नसते. ई-संजीवनी ही केंद्र सरकारची दूरसल्ला सेवा मोफत आहे. एप्रिल २०२० पासून तिच्यावर घरबसल्या ओपीडीही मिळते. मात्र छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं असं काही दिसलं, तर मोबाइलवर डॉक्टर शोधत बसू नका. थेट १०८ लावा.

पहिलं काम बीपीचं, आणि ते कॉलच्या तीन-चार दिवस आधीच सुरू करा. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसवा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर बांधा. बाहीवरून अजिबात नको. हात छातीच्या उंचीला टेकवा आणि मोजताना बोलू देऊ नका. मिनिटाभराने पुन्हा मोजा. ब्लूटूथचं मशीन असेल तर आकडे आपोआप मोबाइलमध्ये जातात. साधं असेल तर तारीख-वेळ घालून वहीत लिहा. डॉक्टरांना एका दिवसाच्या आकड्यापेक्षा ही वही जास्त उपयोगाची.

मग चालू गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो काढा, नाव आणि मिलिग्रॅम वाचता येतील असे. ‘ती पांढरी गोळी’ म्हणून डॉक्टरांना काहीच कळत नाही. जुने रिपोर्टही हाताशी ठेवा.

ई-संजीवनीच्या अ‍ॅपवर मोबाइल नंबर टाका, ओटीपी भरा, रुग्णाची माहिती आणि तक्रार लिहा, रांगेत थांबा. रुग्णाला खिडकीकडे तोंड करून बसवा, म्हणजे चेहरा नीट दिसतो. बोलणं शक्यतो त्यांनाच करू द्या. दुखतं कुठे हे त्यांनाच ठाऊक.

घरात रेंज टिकत नसेल तर गच्चीवर धडपडू नका, उपकेंद्रात जा. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी बीपी-शुगर तपासून स्वतः डॉक्टरांशी कॉल जोडून देतात. वयस्कर माणसांसाठी मला तर हाच मार्ग जास्त भरवशाचा वाटतो, कारण तपासणारा हात समोर असतो.

कॉल संपण्याआधी दोन गोष्टी विचाराच: जुनी कोणती गोळी बंद करायची, आणि पुन्हा कधी दाखवायचं. डॉक्टरांची चिठ्ठी मोबाइलवर येते. ती डाउनलोड करून घ्या आणि मेडिकलमध्ये तीच दाखवा.