क्रूपचा खोकला: कोणत्या विषाणूंमुळे होतो आणि रात्री नेमकं काय पाहायचं

एक-दोन दिवस नाक गळतं, थोडी कणकण असते. मग मध्यरात्री मूल दचकून उठतं आणि कुत्रा भुंकावा तसं खोकायला लागतं. आवाज घोगरा होतो, श्वास आत घेताना घशातून कर्कश आवाज येतो. सहा महिने ते तीन वर्षं या वयात असं झालं तर तो बहुधा क्रूप असतो.

स्वरयंत्राच्या लगेच खाली श्वासनलिकेला कूर्चेचं (मऊ हाडाचं) पूर्ण, न ताणणारं कडं असतं. विषाणूमुळे तिथलं अस्तर सुजलं की सूज बाहेर जाऊ शकत नाही, ती आतल्या वाटेतच शिरते. 4 मिलिमीटरच्या वाटेत सगळीकडून 1 मिलिमीटर सूज आली तर उरतात 2 मिलिमीटर, आणि गणिताने हवेचा अडथळा सोळापट होतो. मोठ्यांची वाट मुळातच रुंद, म्हणून त्याच विषाणूने आईबाबांना फक्त सर्दी होते. मूल रडलं की हवा जोरात ओढली जाते आणि अरुंद वाट आणखी मिटते. म्हणून मुलाला शांत ठेवणं हा इथे उपचाराचाच भाग आहे.

सर्वांत जास्त वेळा कारण असतो पॅराइन्फ्लुएन्झा विषाणू, त्यातही प्रकार 1. नावात साम्य असलं तरी हा फ्लू नव्हे आणि फ्लूची लस त्याला थांबवत नाही. त्याच्यासाठी लस अजून नाही. खऱ्या फ्लूनेही क्रूप होतो आणि तो जास्त तीव्र असू शकतो. आरएसव्ही हा लहान मुलांत सर्रास आढळणारा आणखी एक विषाणू बहुतेकदा खाली फुप्फुसांच्या बारीक नळ्यांपर्यंत उतरतो, तेव्हा श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो. अडेनोव्हायरस, ऱ्हायनोव्हायरस, मेटान्यूमोव्हायरस आणि कोरोना विषाणूही क्रूप घडवतात. कोविडच्या ओमिक्रॉन प्रकारात हे ठळकपणे दिसलं. गोवराची लस न घेतलेल्या मुलाला खूप ताप, लाल डोळे आणि पुरळ असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा, कारण गोवरातला क्रूप गंभीर होऊ शकतो.

विषाणूचं नाव शोधण्यासाठी नाकातून नमुना घेण्याची गरज सहसा नसते. उपचार तोच राहतो, वर मूल रडतं ते वेगळंच. प्रतिजैविकांचा विषाणूवर काही उपयोग नाही.

रात्री करायचं ते असं. मुलाला मांडीवर ताठ बसवा, हळू बोला, अंगातला सदरा वर करा. रडणं थांबल्यावर एक मिनिट फक्त ऐका आणि पाहा. कर्कश आवाज फक्त रडताना किंवा धावताना येत असेल तर क्रूप सौम्य आहे. शांत बसलेलं असतानाही येत असेल, किंवा श्वासागणिक बरगड्यांमधली आणि गळ्याखालची कातडी आत ओढली जात असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्या. ओठ निळे पडणं, सुस्ती, लाळ गळणं, गिळता न येणं यांपैकी काहीही दिसलं तर थेट रुग्णवाहिका बोलवा. थकलेल्या मुलाचा आवाज कमी झाला तर ती सुधारणा समजू नका. श्वासच अपुरा पडत असू शकतो. घशात चमचा घालून पाहू नका.

वाफ देऊ नका. तिचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि भाजण्याचा धोका खरा आहे. बाहेर थंड हवा असेल तर मुलाला पांघरून अर्धा तास तिथे बसवल्याने सौम्य क्रूपला आराम पडू शकतो. पाणी घोट-घोट द्या. तापाला पॅरासिटामॉल किलोमागे 15 मिलिग्रॅम: 12 किलोच्या मुलाला 180 मिलिग्रॅम, म्हणजे 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम असलेल्या औषधाचे 7.5 मिलिलिटर. दोन मात्रांत किमान चार तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय मोजू नका, कारण दुप्पट तीव्रतेची बाटलीही मिळते.

क्रूप सौम्य असला तरी डॉक्टर डेक्सामेथासोनची एक मात्रा देतात, किलोमागे 0.15 ते 0.6 मिलिग्रॅम. या स्टेरॉइडला घाबरू नका. एका मात्रेने सूज काही तासांत उतरायला लागते. घरातलं उरलेलं मात्र स्वतःहून देऊ नका. तीव्र क्रूपमध्ये नेब्युलायझरने (औषधाचा फवारा श्वासातून देणाऱ्या यंत्राने) अॅड्रेनॅलिन देतात. ते मिनिटांत काम करतं, पण त्याचा परिणाम सुमारे दोन तासांत ओसरतो, म्हणून नंतर दोन ते चार तास मुलाला तिथेच थांबवून ठेवतात. बरं वाटलं म्हणून आधी निघू नका.

दुसऱ्या रात्री खोकला पुन्हा उसळू शकतो, तेव्हा तीच तपासणी पुन्हा करा. सर्दी-ताप नसताना, खेळता-खेळता अचानक आवाज सुरू झाला तर घशात काही अडकल्याचा संशय घ्या. सहा महिन्यांपेक्षा लहान बाळाला असा आवाज आला किंवा क्रूप वारंवार होत राहिला, तर श्वासनलिका जन्मतःच अरुंद आहे का, हे तपासून घ्यायला सांगा.